चारशे बारा पुड्या

वेळणबंदरच्या केळुसकरांच्या घरात सहा वर्षं कोणालाही रडता आलेलं नव्हतं, कारण घरातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या डोळ्यांतलं पाणी पापणीपर्यंत यायच्या आधीच ओढून घेत होत्या.

पुड्या म्हणजे त्याच, नव्या बुटांच्या खोक्यात निघतात त्या. पांढऱ्या, बोटभर लांब, आत साबुदाण्यासारखे दाणे आणि वर ‘खाऊ नये’ अशी ताकीद. जसं काही लोक बूट घरी आणले की खोक्यात हात घालून सापडेल ते तोंडात टाकत असतात! दिगंबर केळुसकरांचं बाजारात चपला-बुटांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवे बूट घालूनच बाहेर पडायचं, खोकं मागे राहायचं, आणि खोक्यातली पुडी दिगंबरशेठच्या शर्टाच्या खिशात जायची. घर खाडीकाठचं. पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओला व्हायचा, पापड दोन दिवसांत मऊ पडायचे, काडेपेटी निम्मी संपायची तेव्हा एक काडी पेटायची. अशा घरात फुकट मिळणारी पुडी टाकून कशी द्यायची?

त्यांनी एकही टाकली नाही. दाढीच्या ब्लेडच्या डबीत एक, चांदीच्या निरांजनांच्या डब्यात दोन, लग्नाच्या अल्बममध्ये पानाआड एक. गोधड्यांच्या ट्रंकेत, औषधांच्या डब्यात, भजनाच्या पेटीच्या भात्याशी, कोयती आणि खुरपी ठेवायच्या खोक्यात, सगळीकडे पुड्या. पडवळाच्या आणि दोडक्याच्या बियांच्या बाटल्यांत तर दोन-दोन, कारण ओल लागली की बी बाटलीतच उगवायला बघतं आणि पेरायच्या वेळी फुकट जातं. ‘‘एवढ्या कशाला हो?’’ असं हेमलताने, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं की ते म्हणायचे, ‘‘राहू दे गं, खायला मागतायत का?’’

मग एका मंगळवारी सकाळी दिगंबरशेठ दुकान उघडायला गेले, शटर अर्ध्यावर असताना छातीला हात लावून खाली बसले आणि उठलेच नाहीत. घरी राहिली तिघं: हेमलता, अठरा वर्षांची मुलगी तनुजा, आणि दिगंबरशेठचा धाकटा भाऊ अरविंद, ज्याने लग्न केलं नव्हतं आणि आता करण्याचं वयही टळलं होतं. तिघांचे चेहरे पडले, जेवण तोंडात फिरायला लागलं; डोळे मात्र कोरडे ठणठणीत. भेटायला येणाऱ्या बायका बाहेर पडताना म्हणायच्या, ‘‘धीराची आहे हो हेमावहिनी.’’ फाटकाबाहेर गेल्यावर त्या काय म्हणायच्या ते वेगळं.

तेव्हापासून हेमलताला एका जागी बसवत नसे. म्हणजे अगदी खरोखर. पाट घेऊन बसली की दुसऱ्या मिनिटाला उठायची. गॅस बंद आहे ना बघ, मागचं दार लोटलंय का बघ, आधीच झाडलेली पडवी पुन्हा झाड. दुकान आता तीच बघत होती, तिथेही गिऱ्हाइकाने एक जोड मागितला की ही सात काढायची. सहा वर्षांत तिने बसून सलग एक कप चहा प्यायला नव्हता. अरविंद म्हणायचा, ‘‘वहिनी, तुमच्या पायाला चाकं लावून घेऊया, चपला तरी झिजणार नाहीत.’’

रडायचे उपाय सगळे करून झाले होते. कांदा, मिरची, धूर. तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून सांगितलं, डोळे उत्तम आहेत, फक्त रिकामे आहेत. त्यांनी थेंब लिहून दिले, ते घालताच नाहीसे व्हायचे. परगावी जाऊन रडावं तर तेही जमेना, कारण माणसाच्या डोळ्यांत पाणी साठतं ते घरी, झोपेत, आणि घरी ते रोजच्या रोज ओढून घेतलं जात होतं. घरून निघतानाच डोळे रिकामे, मग परगावात येणार कुठून? तनुजा शिकायला कोल्हापूरच्या होस्टेलवर राहिली तेव्हा तिला तिथे तिसऱ्या आठवड्यात थोडं रडू आलं होतं. दिवाळीला ती घरी आली आणि तेही बंद झालं.

लोकांचं असंच असतं म्हणा. सहा वर्षं झाली की कशाचीही सवय होते. झालीही असती, पण तनुजाचं लग्न ठरलं.

मुलगा गडहिंग्लजचा, प्रणव दळवी, स्वभावाने गरीब. त्याची आई सरोजिनीबाई मात्र एकतीस वर्षं शाळा चालवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या नुसत्या बसल्या तरी समोरचा पाठ ताठ करायचा. साखरपुड्याच्या दिवशी निघताना त्यांनी हेमलताला ओटीवर बाजूला घेतलं.

‘‘देणंघेणं आम्हाला काही नको,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मानपान नको. पण एक रीत आहे आमच्याकडे, ती मी मोडत नाही. पाठवणीला रडणं झालं पाहिजे. आमच्या जावेच्या लग्नात तिच्या माहेरचे कोणी रडले नाहीत. हसतहसत निरोप दिला. सासऱ्यांनी शेवटपर्यंत तिला ‘माहेरी नको झालेली’ असंच धरलं. मी ते डोळ्यांनी बघितलंय. माझ्या सुनेच्या वाट्याला ते नको. रडाल ना?’’

‘‘रडू की,’’ हेमलता म्हणाली. ‘‘आईच आहे मी.’’

गाडी वळणाआड गेली आणि हेमलताने फाटक तीनदा उघडून तीनदा लावलं. तिच्या जिवाला आता घोर लागला. सासरी पहिल्याच दिवशी पोरीला कोणी तसं बोललं तर? आणि त्याच्याही आत, तिने कोणाला न सांगितलेलं, आणखी एक होतं. नवऱ्यासाठी ती रडली नव्हती ती नव्हतीच, आता लेकीसाठीही नाही आलं, तर आपण बाई आहोत की दगड?

अरविंदने नगरपंचायतीत अर्ज टाकला. ‘विषय: घरात रडू न येण्याबाबत.’ आठव्या दिवशी आर्द्रता निरीक्षक माणगावकर सायकलवरून आले. बारीक माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत वही, पिशवीत सोनाराच्या तराजूसारखा एक लहान काटा. पाणी नको म्हणाले, चहा नको म्हणाले, सरळ वही उघडली.

‘‘घरातली माणसं?’’

‘‘तीन.’’

‘‘सहा वर्षांत रडण्याजोगे प्रसंग?’’

हेमलता उभीच होती. ‘‘मोठा एक,’’ ती म्हणाली. ‘‘बारीकसारीक चालूच होते.’’

‘‘बारीकसारीक अंदाजे सांगा.’’

‘‘रोज एक धरा.’’

त्यांनी ते लिहिलं. मग पुड्या गोळा करायचं काम सुरू झालं, ते दुपारपर्यंत चाललं. ट्रंका उघडल्या, बाटल्या उपड्या केल्या, पेटीचा भाता सोडवला. ओटीवर पुड्यांचा ढीग झाला. माणगावकर एकेक पुडी काट्यावर ठेवायचे, वजन वहीत लिहायचे आणि बाजूला रचायचे. कोरडी पुडी दोन ग्रॅमची असते. या शंभर-शंभर, दीडशे-दीडशे ग्रॅमच्या भरत होत्या.

‘‘चारशे अकरा,’’ ते शेवटी म्हणाले. मग त्यांनी खिशातून एक लहान यंत्र काढलं, घड्याळासारखं, आणि त्यातल्या सुईकडे बघत राहिले. ‘‘घरात अजून एक आहे.’’

‘‘सगळ्या दिल्या,’’ अरविंद म्हणाला.

‘‘सुई खोटं बोलत नाही, केळुसकर.’’

माणगावकरांनी घाई केली नाही, वही मांडीवर ठेवून ते बसून राहिले. थोड्या वेळाने हेमलता आत गेली आणि कपाटामागून एक खोकं घेऊन आली. त्यात दिगंबरशेठचे तपकिरी बूट होते, नऊ नंबरचे, पॉलिश केलेले. डाव्या बुटात हात घालून तिने पुडी काढली. ती काट्यावर ठेवताच काट्याचा दांडा खाली आपटला. माणगावकरांनी वजन दोनदा बघितलं.

‘‘ही कोणाची?’’ त्यांनी विचारलं.

‘‘माझी,’’ हेमलता म्हणाली.

‘‘चारशे बारा,’’ त्यांनी लिहिलं.

‘‘आता या टाकून दिल्या की आम्हाला रडू येईल ना?’’ अरविंदने विचारलं.

‘‘नाही. पहिल्या वर्षी आलं असतं. आता इतकं अडलंय, की ते आधी वाहिलं पाहिजे, त्याशिवाय नवीन येत नाही. तुमचं सहा वर्षांचं यांत आहे. ते ज्याचं त्याच्याकडे परत गेलं की पुढचं आपोआप सुरू होतं.’’

‘‘मग उन्हात टाकू? सांडग्यांसारख्या वाळवू?’’

‘‘भलतंच!’’ माणगावकर पहिल्यांदाच जरा घाबरल्यासारखे दिसले. ‘‘वाफ होऊन शेजाऱ्यांच्या हद्दीत जाते. गेल्या वर्षी खालच्या आळीत एका बाईंनी आठच पुड्या गच्चीवर पसरल्या, तर शेजारचं बारसं सगळं रडत पार पडलं. पाळण्यातलं पोरच काय ते गप्प होतं. गटारातही सोडता येणार नाही, खारं पाणी आहे. नियम असा, की स्वतःच्या जागेत, क्षार मानवणाऱ्या झाडाच्या मुळाशी, दीड हात खोल पुरायच्या.’’

‘‘माडाला आम्ही दरवर्षी मीठ घालतो,’’ हेमलता म्हणाली.

‘‘मग प्रश्नच मिटला. यंदा मीठ घालू नका, पुड्या घाला. झाड पाणी वर चढवेल. शहाळी धरली की ज्याची त्याने प्यायची, अर्ध्या तासात गुण येतो. इथे नावं लिहा, कोणकोण पिणार ते.’’

अरविंदने तीन नावं लिहिली. माणगावकरांनी वही मिटली.

‘‘आणि दुसऱ्या कोणी प्यायलं तर?’’ हेमलताने विचारलं.

‘‘त्याची जबाबदारी नगरपंचायत घेत नाही,’’ माणगावकर म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले.

अंगणात दोन माड होते. फाटकाजवळचा म्हातारा होता, त्याला सोडून त्यांनी ओटीसमोरचा निवडला. अरविंदने भोवती चर खणला, तिघांनी पुड्या फाडून दाणे ओतले. बुटातल्या पुडीला हेमलताने कोणाला हात लावू दिला नाही. ती तिने घराकडच्या बाजूला, स्वतःच्या हाताने पुरली, आणि त्यानंतरही बराच वेळ माती थापटत राहिली.

मार्गशीर्षातली ही गोष्ट. लग्न वैशाखात. मधले पाच महिने तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. दिवसातून वीसदा माडाखाली यायची, मान वर करायची, पेंडीतले नारळ मोजायची, आत जायची, आकडा चुकला असेल म्हणून परत यायची. मानेला लचक भरली. अरविंद म्हणायचा, ‘‘वहिनी, तुम्ही डोळे वटारून बघताय म्हणून तो लवकर धरणार नाही. उलट बिचकेल.’’

‘‘तुम्हाला चेष्टा सुचते भावजी. चार महिन्यांवर लग्न आलंय.’’

‘‘मला पण रडायचंय हो,’’ अरविंद म्हणाला. ‘‘भाऊ होता तो माझा.’’ हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की हेमलता मिनिटभर उभ्या जागी थांबली, आणि मग पुन्हा नारळ मोजायला लागली.

चैत्रात गोपाळ आला. नारळ पाडायचं काम पिढ्यान् पिढ्या त्याच्याच घरात. झावळ्या साफ करायला तो वर चढला, आणि वर गेल्यावर त्याला तहान लागली, तर त्याने न विचारता एक शहाळं फोडून वरच पिऊन टाकलं. पाऊण तास तो खाली उतरलाच नाही. वरून नुसते हुंदके ऐकू यायचे. उतरला तेव्हा त्याचं नाक लाल झालं होतं.

‘‘वयनी, पाणी गोड आसा,’’ तो म्हणाला, ‘‘पण पिल्यार रडाक येता.’’

‘‘कशाचं रडू आलं तुला?’’

‘‘ताच तर कळाक नाय. माका माझ्या चेडवाच्या बारावीच्या मार्कांची काळजी वाटाक लागली.’’

‘‘अरे, तुला मुलगी कुठे आहे?’’

‘‘नाय ना! ताच तर म्हणतंय मी.’’

हेमलताला ते रडू ओळखू आलं. दिगंबरशेठ गेले त्याच वर्षी तनुजाची बारावी होती, आणि निकालाच्या आदल्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणजे पाणी वर चढलं होतं. तिला सहा वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं, आणि लगेच, आणखी कोणी तरी पिऊन जाईल म्हणून धसका बसला. तिने माडाला कमरेएवढ्या उंचीवर बाभळीच्या काट्या बांधून टाकल्या.

लग्नाच्या दिवशीचं ठरलेलं असं होतं: दुपारची जेवणं उरकली की गोपाळने वर चढायचं, तीन शहाळी काढायची, तिघांनी ती उभ्याउभ्या प्यायची, आणि अर्ध्या तासाने पाठवणी. इतकं सोपं. पण हेमलताला दम धरवला तर ना! पहाटे पाचलाच तिच्या डोक्यात सुरू झालं. गोपाळला दुपारी ताप भरला तर? दोर तुटला तर? जेवणात मीठ जास्त झालं म्हणून कोणी पाहुणा तहानेला होऊन माडाकडे गेला तर? तिने गोपाळला घरी माणूस पाठवून उठवून आणलं, आणि तीनच काय, होती नव्हती ती अठ्ठावीसच्या अठ्ठावीस शहाळी खाली उतरवून घेतली. मागच्या पडवीत मोठ्या घंगाळात पाणी घालून ठेवली, वरून ओलं गोणपाट टाकलं. तिथे कोण जातंय, असं तिला वाटलं.

वऱ्हाडासाठी शहाळी बाजारातून यायची होती. वेळणबंदरात वैशाखातल्या लग्नाला वऱ्हाड उतरलं की आधी हातात शहाळं द्यायचं, मग राम राम. नऊला टेम्पो येणार होता. साडेनऊला टेम्पो आला नाही, वऱ्हाड आलं. घाटावरची माणसं, खाली उतरल्यावर त्यांना ती घामट हवा सोसेना. बसमधून एकेक जण टॉवेलने मान पुसत उतरत होता. अरविंद फाटकाशी हात जोडून उभा, आणि हातात द्यायला काही नाही. टेम्पोवाल्याचा फोन आला, टायर बसलंय, तासभर लागेल. तेवढ्यात शेजारच्या नलूमावशी, ज्यांना कोणाच्याही लग्नात काम सांगावं लागत नाही, मागच्या पडवीतून ओरडल्या, ‘‘अगो बाई, इकडे घंगाळभर आहेत की! काय नुसते बघत उभे राहिलात?’’ आणि त्यांच्या हातात कोयता होता.

हेमलता आत तनुजाला मुंडावळ्या बांधत होती. ती ओटीवर आली तेव्हा अठ्ठावीस माणसांच्या तोंडाला अठ्ठावीस नळ्या लागलेल्या होत्या.

ती दोन पायऱ्या उतरली, हात पुढे झाला, आणि तिथेच थांबला. पाहुण्याच्या हातातलं शहाळं काढून घेणं वेळणबंदरात आजवर कोणी केलेलं नाही, आणि समोर खुद्द विहीणबाई. सरोजिनीबाईंनी नळी काढून शहाळं तोंडालाच लावलं, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि रुमालाने ओठ टिपले.

‘‘गोड आहे हो पाणी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आणखी आहे?’’

‘‘नाही,’’ हेमलता म्हणाली. ‘‘संपलं.’’

अरविंदने नलूमावशींच्या हातातला कोयता बघितला, वहिनीचा चेहरा बघितला, आणि तो मांडवाच्या खांबाला टेकला. बोलायला वेळच नव्हता. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला.

पहिलं मंगलाष्टक संपता संपता नवऱ्या मुलाच्या मामाने हुंदका दिला. मामा ट्रॅक्टर विकायचे, देह दांडगा, मिशा पिळदार. ‘‘शटर मी एकटीने उघडलं हो,’’ ते रडत म्हणाले, ‘‘सहा वर्षं झाली, अजून अर्ध्यावर अडकतं तेव्हा काळजात धस्स होतं.’’ त्यांच्या बायकोने विचारलं, कसलं शटर? ते म्हणाले, माहीत नाही. दुसऱ्या मंगलाष्टकाला नवऱ्याची आत्या सुरू झाली, की भात रोज एक वाटी जास्त होतो, हात ऐकतच नाही. प्रणवचा थोरला भाऊ वकील होता, तो अक्षता टाकता टाकता म्हणाला, ‘‘दादा, तुझी सायकल मीच पाडली होती रे, तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही.’’ वकिलाला मोठा भाऊ नव्हता. अरविंदने मान खाली घातली. त्या सायकलची गोष्ट त्याच्याशिवाय जगात कोणाला माहीत नव्हती.

तिसऱ्या मंगलाष्टकापर्यंत सगळं वऱ्हाड रडत होतं. भटजींनी आवाज चढवला. फोटोवाल्याने अरविंदला हळूच विचारलं, ‘‘काका, मुलाकडच्यांना हे स्थळ पसंत नाही का?’’ इकडे मुलीकडचे सगळे कोरड्या डोळ्यांनी ताटकळत उभे, आणि मधोमध प्रणव, तोही मुसमुसत होता, कोल्हापूरच्या होस्टेलचं जेवण आठवून. तनुजाने हार घालतानाच त्याच्या पाठीवर हात फिरवला.

सरोजिनीबाईंनी मात्र दम धरला होता. एकतीस वर्षांची शिस्त. जेवणाच्या पंगती उठल्या, ओटी भरून झाली, तरी त्या दात दाबून, मान ताठ ठेवून वावरत होत्या. पाठवणीची वेळ आली. हेमलता दारात उभी राहिली आणि तिने सहा वर्षांतलं सगळं आठवून बघितलं, बळेबळे, एकेक. काही झालं नाही. डोळे कोरडे ते कोरडे. तनुजा पाया पडली, उठली, आईच्या गळ्यात पडली, आणि दोघी नुसत्याच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

‘‘आई, येत नाहीये गं,’’ तनुजा कानाशी म्हणाली.

‘‘मला पण,’’ हेमलता म्हणाली. ‘‘जा तू. जा बाळा.’’

ती वर बघते तो समोर सरोजिनीबाई. आता ऐकावं लागणार, असं धरून हेमलताने हात जोडले. सरोजिनीबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांचा बांध फुटला.

‘‘त्यांनी चहा अर्धा ठेवला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी. दुकानाला उशीर होतोय म्हणाले. मी ओरडले हो. मी म्हटलं, प्यायचा नसतो तर करायला कशाला सांगता? तर हसले आणि म्हणाले, आल्यावर पितो, ठेव झाकून. आणि मी तो विसळून टाकला. ते गेले ना गेले तोच मोरीत ओतून टाकला मी तो चहा. मला काय माहीत? मला काय माहीत हो?’’

शेजारी त्यांचे यजमान उभे होते, चांगले धडधाकट. ‘‘सरोज, मी कधी चहा अर्धा ठेवला?’’ ते रडत रडत म्हणाले. त्यांचंही आपलं कसलं तरी चालू होतं.

हेमलता थिजल्यासारखी उभी होती. त्या कपाबद्दल तिने कोणाला सांगितलं नव्हतं, तनुजाला नाही, देवालाही नाही. तिने पुढे होऊन सरोजिनीबाईंना जवळ घेतलं. त्या मोठ्या शिस्तीच्या बाईने हेमलताच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोकळा टाहो फोडला. हेमलताने त्यांना थोपटलं. ‘‘रडा,’’ ती म्हणाली. ‘‘निळ्या काठाचा कप होता. रडा तुम्ही.’’ पदर खांद्यापासून कमरेपर्यंत भिजून गेला.

शेवटी सरोजिनीबाईंनी नाक पुसलं, साडी नीट केली आणि हेमलताकडे बघितलं.

‘‘रीत झाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘रडणं झालं पाहिजे एवढंच आमच्यात आहे. कोणी रडायचं ते कोणी ठरवून ठेवलेलं नाही. तनुजाला कोणी काही बोलणार नाही, बघते मी.’’

बस गेली. हेमलता मांडवात फिरत राहिली. खुर्च्या एकात एक घातल्या, पत्रावळी मोजल्या, शहाळ्यांची टरफलं एका बाजूला ओढली, परत दुसऱ्या बाजूला ओढली. लेकीवरचं बालंट टळलं होतं, त्याचं तिला बरं वाटत होतं. पण माड रिकामा झाला होता. मुळाशी आता काही नव्हतं, घरात एक पुडी नव्हती, आणि तिचं पाणी गडहिंग्लजच्या रस्त्याला लागलं होतं. आता ते कधीच यायचं नाही, असं तिने मनाशी धरलं, आणि झाडू घेतला.

साडेपाचला तनुजाचा फोन आला.

‘‘आई, आंबोलीत गाडी थांबवलीय. चहाला. सासूबाईंचं थांबलं गं, सगळ्यांचंच थांबलं.’’ तिचा आवाज फुटत होता. ‘‘आणि माझं सुरू झालंय.’’

‘‘काय सांगतेस? कसं काय?’’

‘‘मी ह्यांचे डोळे पदराने पुसत होते, घाटभर. मग मला घाम आला, तर त्याच पदराने मी माझं तोंड पुसलं. आई, बाबा होस्टेलला सोडायला येणार होते गं. त्यांनी माझ्यासाठी कुलूप आणून ठेवलं होतं.’’ पुढे तिला बोलता आलं नाही. पण ती रडत होती, आणि हेमलता फोन कानाला लावून ते सगळं ऐकत उभी राहिली.

फोन ठेवला तेव्हा मांडवात अरविंद एका खुर्चीवर बसला होता. वकिलाला दुपारी दिलेला स्वतःचा रुमाल त्याला परत मिळाला होता, आणि तो त्याने दोन्ही हातांनी डोळ्यांवर दाबून धरला होता. त्याचे खांदे हलत होते. हेमलताने त्याला हाक मारली नाही.

ती ओटीच्या पायरीवर आली. झाडू भिंतीला टेकवला. खांद्यावरचा पदर अजून ओला होता, दमट हवेत तो कसला वाळतोय. बायका डोळ्यांतलं पाणी पदरात घेतात. तिने पदरातलं पाणी डोळ्यांना लावलं. आधी उजव्या, मग डाव्या. ते कोमट होतं, आणि ते आत गेलं. मग मिनिटभर काही झालं नाही. मग ते बाहेर आलं, आणि त्याच्यामागून आणखी आलं.

दिवे लागायच्या सुमाराला मांडववाल्याचा माणूस आला आणि जरा लांबच उभा राहिला.

‘‘काकू, खांब आत्ता सोडू का उद्या?’’

नलूमावशी आतून चहाचा कप घेऊन आल्या होत्या. हेमलताने पायरीवरून न उठता तो हातात घेतला.

‘‘उद्या या,’’ ती म्हणाली. ‘‘आत्ता मी बसलेय.’’